सामना नसलेले दोन दिवस

आज सामना नाही. उद्याही नाही.
परवापासून आठ संघ,
आणि मग प्रत्येक रात्री कुणीतरी घरी.
तरी गड्डीगोदामात माझ्या सायकल दुकानासमोर
पोरं साडेआठला येऊन बसलीच,
स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून.
दात पडल्यावर जीभ कशी
सारखी त्या खड्ड्यात जाते, तशी.

प्रोजेक्टर तस्लीमच्या मामाचा, लग्नांतून सुटलेला.
पडदा म्हणजे फिलोमिनाबाईंची चादर.
खाली डावीकडे निळं ठिगळ,
इस्त्रीनं जळली होती तिथं.
इतके दिवस डावीकडची प्रत्येक कॉर्नर किक
त्या ठिगळावरूनच सुटली.
डेन्झिल म्हणतो,
"ब्राझीलले ठिगळ मानवते, अर्जेंटिनाले नाही."
यावर काल दीड तास भांडण,
चहा गार,
आणि एका सायकलचं पंक्चर तसंच.

समोरच्या सरकारी भिंतीवर कोळशाचा तक्ता,
बत्तिसांपासून निमुळता होत
एका रिकाम्या चौकोनाशी थांबलेला.
हरलेल्यावर आडवी रेघ.
जपानवर रेघ मारायला कुणी उठेना.
शेवटी मी मारली, हलक्या हातानं,
म्हणजे खालचं नाव वाचता यावं.

बाद फेरीत बरोबरी नसते, हे मला सांगू नका.
सत्त्याण्णव साली रेल्वेच्या मैदानावर
शेवटची पेनल्टी माझी होती.
चेंडू खांबाच्या बाहेरून थेट
संत्र्यांच्या हातगाडीवर.
गाडीवाला भला माणूस,
त्यानं चेंडू परत दिला, वर एक संत्रंही.
सव्वीस वर्षं झाली,
चौकात माझं नाव संत्रा.
बायकोच्या माहेरीसुद्धा.

दुपारी रंगारी आले.
अधिवेशन जवळ आलं की हे शहर तोंड धुतं:
खड्डे बुजतात, दुभाजक पिवळे-काळे होतात,
सरकार जिकडून जाणार तिकडच्या भिंती
एका हातात पांढऱ्या.
उमरेडकडचा एक, धनपाल नावाचा,
ब्रश बुडवून तक्त्यापाशी आला
आणि थांबला.
"हे कोनाचं बे?"
पोरं म्हणाली, "परवाचं."
त्यानं नावं वाचली, बोट फिरवत,
वरून खाली, पुन्हा वर.
"मोरोक्को अजून हाये?"
"हाये."
"मंग राहू द्या."
आणि तक्त्याभोवतीनं चुना फिरवत गेला,
कडा सरळ, जणू दाराची चौकटच.
ठेकेदार मोजायला येईल, मी म्हटलं,
एवढी भिंत तुझ्या मजुरीतून बाद करील.
"करू दे बाद," तो म्हणाला,
शिडी खांद्यावर घेतली
आणि सामना किती वाजता ते विचारून गेला.

रात्री प्रोजेक्टर उगाच लावला, तपासायला म्हणून.
चादरीवर नुसता निळसर उजेड.
तस्लीमचा धाकटा, सात वर्षांचा,
उठून ठिगळापाशी गेला,
चार पावलं मागे आला, हात वर केला
आणि नसलेल्या चेंडूला लाथ घातली.
बसलेल्या सगळ्यांच्या माना
एकदम उजवीकडे वळल्या.
डेन्झिल ओरडला, "हेड कर ना बे!"

मग फिलोमिनाबाई आल्या, शाल कानावरून घेतलेली.
"आज मॅच नाही न? मंग चादर द्या माझी.
लय थंडी हाये, पांघराले लागते मले."
चादर गेली. उजेड पलीकडे,
चुन्याच्या ओल्या भिंतीवर पडला,
चादरीपेक्षा कितीतरी पांढऱ्या, सपाट.
मी म्हटलं, परवा इथंच लावू की,
काय झकास दिसेल.

कुणी बोललं नाही.
मग तो सात वर्षांचा म्हणाला,
"तिथं कॉर्नर कुठून मारतीन?"